डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती "ठरवून" कुणी केली? व्हिन्स मॅकमॅननं की त्याच्या आधीच्यांनी?

साखरपेठ_९६:
मंडळी, परवा घरात मोठा वाद झाला म्हणून इथं विचारतोय. आमचे आजोबा गिरणीत होते, पहाटे तालीम आणि मग ड्युटी असं त्यांचं कित्येक वर्षं चाललं, आसपासच्या जत्रांत रेवड्यांवरच्या कुस्तीपासून सुरुवात करून पुढं इनामाच्या कुस्त्या लढले. माझं पोरगं नेटफ्लिक्सवर डब्ल्यूडब्ल्यूई बघत बसलं होतं, आजोबांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले बंद कर, नुरा कुस्ती हाय ही, म्हणजे आधीच निकाल ठरवून केलेली. पोरगं रडायला लागलं. मला दोघांचंबी पटतंय हीच अडचण. मी स्वतः डब्ल्यूडब्ल्यूईच्या पैलवानांची ट्रम्प कार्डं खेळत वाढलोय, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स सगळं तोंडपाठ होतं.
तर प्रश्न असा की हे पहिल्यापासूनच ठरवून होतं का, की मूळ खरी कुस्ती होती आणि कुणीतरी बदलली? सगळे डब्ल्यूडब्ल्यूई मोठी करणाऱ्या व्हिन्स मॅकमॅनचं नाव घेतेत. एकट्या माणसाचं काम असेल असं मला वाटत नाही. नीट माहिती असलेल्यांनी सांगा, आजोबांना जाऊन सांगायचंय.

मोहोळचा_गडी:
व्हिन्स लई नंतरचा बे. मुळात ती खरीच होती, 'कॅच' म्हणायचे त्या कुस्तीला, पाठ टेकवली की हार, शिवाय हातपाय पिरगाळून समोरच्याला हार कबूल करायला लावता यायची. १९०८ ला शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट लढले तेव्हा दोन तास झोंबाझोंबी चालली आणि शेवटी हॅकनश्मिटनं हार मानली. १९१६ ला ओमाहात जो स्टेचर आणि एड 'स्ट्रँगलर' लुईस तर पाच तासांच्या आसपास लढले आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. आपल्याकडं मैदानात मोठी कुस्ती रेंगाळली की काय होतं ते बघतोस की, लोक ओरडायला लागतेत निकाली करा निकाली करा, मग गुणांवर सोडवतेत आणि पब्लिक नाराज होऊन उठतं. तिथं तेच झालं. दोघं तोडीस तोड असले तर तासन् तास काही घडत नाही, आणि एक जण भारी असला तर मिनिटात चितपट, म्हणजे तिकीट विकणाऱ्याचं दोन्हीकडून मरण.
त्यावर तोड काढली तिघांनी १९२० च्या दशकात. हाच लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट. 'गोल्ड डस्ट ट्रायो' म्हणतात त्यांना. माँटचं डोकं मोठं होतं, त्यानं वेळेची मर्यादा आणली, उचलून आपटणं, ठोसे, पळापळ आणली, पैलवान कराराने बांधून घेतले आणि तमाशाच्या फडासारखी सगळी मंडळी गावोगाव फिरवली. निकाल ठरवणं मात्र त्यांनी शोधलेलं नाही, ते जत्रेतल्या तंबूत आधीपासून होतं, आमच्या पैलवानासमोर इतकी मिनिटं टिका आणि पैसे न्या म्हणायचं आणि गर्दीत आपलाच माणूस उभा करायचा. तिघांनी त्याचा धंदा बसवला.

काटाकुस्ती:
वरच्या उत्तरात एक माणूस राहिला आणि आजोबांना सांगायचं तर त्याच्यापासूनच सुरू करा. स्टॅनिस्लॉस झिबिस्को, पोलंडचा. १९१० च्या सप्टेंबरात लंडनला गामा पैलवानासमोर हाच होता. अडीच तासांच्या वर कुस्ती चालली आणि बहुतेक वेळ हा बाबा मॅटला चिकटून पडलेला, गामाला पाठ लावू देईना. बरोबरी दिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचं ठरलं तर हा आलाच नाही.
आता पुढचं ऐका. १९२५ च्या जानेवारीत त्या तिघांनी वेन मन नावाच्या फुटबॉल खेळाडूला चॅम्पियन केलं, दिसायला धिप्पाड, कुस्तीत कच्चा, पण ठरवलेल्या निकालात कच्चेपणा कुठं दिसतो? त्याची किंमत वाढावी म्हणून एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात झिबिस्कोला त्याच्यासमोर हरायला पाठवलं. झिबिस्को तेव्हा पंचेचाळिशीचा. तो आतून विरोधी गटाला मिळालेला होता. रिंगमध्ये उतरला आणि हरायचं सोडून खरीच कुस्ती धरली, मनला पुन्हा पुन्हा पाडला, शेवटी पंचाला निकाल द्यावाच लागला. हजारो लोकांदेखत चॅम्पियनचा पट्टा गेला आणि पुढच्याच महिन्यात झिबिस्कोनं तो जो स्टेचरला, म्हणजे विरोधी गटाच्या पैलवानाला, हरून दिला.
मला हा प्रसंग सगळ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण त्यानंतर प्रत्येक प्रमोटरला कळलं की पट्टा ज्याच्या कमरेला त्याला खरी कुस्ती यायलाच पाहिजे, नाहीतर कुणीबी दगा देऊन घेऊन जाईल. लू थेज पुढं इतकी वर्षं चॅम्पियन राहिला त्याचं एक कारण हेच, त्याला पाडायची कुणाची टाप नव्हती.
आणि हाच झिबिस्को १९२८ ला पतियाळ्यात गामाशी परत लढला. मिनिटभरसुद्धा टिकला नाही. आजोबांना हे नक्की सांगा.

सातरस्ता_केबल:
मी नव्वदीत केबलच्या धंद्यात होतो, घरोघरी वायरी ओढल्यात, त्यामुळं टीव्हीचं मी सांगतो. कुस्ती बदलली ती टीव्हीनं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर टीव्ही नवीन आला तेव्हा स्टेशनवाल्यांना दाखवायला स्वस्त काहीतरी पाहिजे होतं, एक रिंग, एक-दोन कॅमेरे, काम झालं. त्यात गॉर्जस जॉर्ज आला, सोनेरी कुरळे केस, झगा, सोबतचा नोकर रिंगमध्ये अत्तर फवारतोय, लोक त्याला शिव्या द्यायला टीव्ही लावायचे. आज जो एंट्रीचा थाट दिसतो त्याची मुळं तिथं.
१९४८ ला प्रमोटर लोकांनी एनडब्ल्यूए (नॅशनल रेसलिंग अलायन्स) ही संघटना काढली आणि मुलूख वाटून घेतले, तुझ्या हद्दीत मी येणार नाही, माझ्या हद्दीत तू यायचं नाही. व्हिन्सच्या वडिलांचा मुलूख ईशान्येकडचा, न्यूयॉर्कचा, आणि त्यांचा भागीदार कोण, तर तोच टूट्स माँट. पोरानं १९८२ ला बापाकडून कंपनी विकत घेतली आणि वाटण्या मोडल्या, कारण केबल हद्द मानत नाही. एका डिशवरून आख्ख्या देशात दिसतं म्हटल्यावर गावच्या प्रमोटरचं काय चालणार? १९८४ ला हल्क होगनला चॅम्पियन केलं, १९८५ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पहिली रेसलमेनिया. आमच्याकडं केबल आल्यावर थिएटरवाल्यांचं जे झालं ना, तसंच तिकडं छोट्या प्रमोटरांचं झालं.
आणि १९८९ ला त्याच्या कंपनीनं न्यू जर्सीत सरकारदरबारी सांगून टाकलं की ही करमणूक आहे, खेळ नाही, म्हणजे खेळाच्या आयोगाची फी आणि नियम लागू होऊ नयेत. म्हणजे आजोबा जे म्हणतेत ते कंपनीनंच लिहून दिलंय. पुढं केबल चॅनेलवाल्या टेड टर्नरनं १९९५ पासून सोमवारीच समोर दुसरा शो लावला, त्या चढाओढीत ऑस्टिन, रॉक हे पैलवान मोठे झाले, आणि २००१ ला व्हिन्सनं टर्नरवाली कंपनीच विकत घेतली.

कडकभाकरी_शेंगाचटणी:
आपल्या देशातलं कुणीच सांगेना म्हणून लिहिते. दारासिंगनी १९६८ ला मुंबईत लू थेजला हरवलं. आणि हमीदा बानू, १९५४ ला बडोद्यात बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदात पाडलं तिनं. तिच्या कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा तिनं मोरारजी देसाईंकडं तक्रार केली, उत्तर आलं की बाई म्हणून बंदी नाही, समोर डमी पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत. खरं-खोटं तेव्हाही एवढं सरळ नव्हतं. तिचं नाव इतकी वर्षं विसरलो याचं मला फार वाईट वाटतं.

लाल_माती:
मी अजून तालमीत जातो, वस्ताद ओरडतेत तरी बघतो मी डब्ल्यूडब्ल्यूई. निकाल ठरलेला असतो, पण ठरवून पडलं म्हणून कमी लागत नाही. रिंगच्या कापडाखाली पातळ फोम आणि लाकडी फळ्या असतेत. १९९९ ला ओवेन हार्टला कॅन्सस सिटीत छतावरून दोरीनं खाली सोडताना हुक सुटला आणि तो गेला, फक्त ३४ वर्षांचा होता, आणि शो तसाच पुढं चालू ठेवला. कंपनी पैलवानांना नोकर धरत नाही, कंत्राटी धरते. मातीतला पैलवान जखमी झाला तर त्याचा खुराक बंद होतो, इकडंबी तेच. आजोबांना हे समजेल, त्यांनी भोगलं असणार.

साखरपेठ_९६:
सगळ्यांचे आभार. झिबिस्कोची गोष्ट आजोबांना रात्री सांगितली. त्या वेन मनला कसा पाडला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, आमच्याकडंबी एक असाच होता, पैसे घेऊन पडायला आला आणि हलगी वाजल्यावर त्याला राहवेना, ढाक मारून समोरच्याला अस्मान दाखवलं. नाव नाही सांगितलं. पोरगं मांडीवर बसून ऐकत होतं, आता त्याला ढाक शिकायचीय. रविवारी दोघांना तालमीत घेऊन जातोय.