परड्यू मोसमभर जिंकतं, मग बाद फेरीत का अडतं?

कोपरी_कोर्ट: ठाण्यातल्या एका कॉलेज बास्केटबॉल संघाची घडण अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाच्या संघासारखीच आहे: एक उंच सेंटर, बाकी खेळ त्याच्याभोवती. साखळीत जिंकतात, बाद फेरीत अडकतात. परड्यू राष्ट्रीय स्पर्धेत (मानांकनाचा आकडा जितका मोठा तितका संघ दुबळा, 16 वं सगळ्यात खालचं) 2021 मध्ये 13 वं मानांकन असलेल्या नॉर्थ टेक्सासकडून, 2022 मध्ये 15 व्या सेंट पीटर्सकडून आणि 2023 मध्ये 16 व्या फेअरली डिकिन्सनकडून हरलं. हे दडपण, की खेळातच खोट?

नेरुळ_झोन: खोट. 2023 चा सामना बघा, 63-58. परड्यूचा सेंटर झॅक ईडी 7 फूट 4 इंच, समोर डिव्हिजन वनमधला (तिथल्या कॉलेज खेळाची सर्वोच्च श्रेणी) सगळ्यात बुटका संघ, तरी ईडीला शॉट मिळाले फक्त 11. एक जण त्याच्या पुढे उभा राहून सरळ पास तोडायचा, दुसरा मागून डोक्यावरचा पास. दोघं त्याच्यावर म्हणजे बाहेर कुणीतरी मोकळा, पण थ्री-पॉइंटर 26 पैकी 5 पडले. आणखी दोन पडले असते तर 6 गुण; हरले 5 ने. शिवाय पूर्ण कोर्ट प्रेस (चेंडू आत येताच कोर्टभर अडवणं), आणि चेंडू वर आणणारे गार्ड स्मिथ-लॉयर दोघंही पहिल्या वर्षाचे. टर्नओव्हर, म्हणजे शॉट न घेताच गमावलेले चेंडू, 16.

ऐरोली३२: नशिबाचा भाग सोडू नका. प्रत्येक सामना जिंकायची शक्यता 90 टक्के धरली, तरी विजेतेपदासाठी लागणारे सलग सहा जिंकायची 53 टक्केच उरते.

नेरुळ_झोन: मान्य, पण सलग तीन वर्षं इतक्या खालच्या संघांकडून? 2024 मध्ये स्मिथ-लॉयर वर्षाने मुरले, जोडीला लान्स जोन्ससारखा अनुभवी गार्ड आला आणि हाच संघ अंतिम सामन्यात पोचला. तिथे युकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठ) उलटं केलं. ईडीला बहुतेक वेळ एकट्याने अडवलं, 37 गुण करू दिले आणि आपल्या बाकीच्या डिफेंडरना परड्यूच्या नेमबाजांपासून हलूच दिलं नाही. परड्यूचे थ्री 7 पैकी 1, निकाल 75-60.

घोडबंदर_गार्ड: कोपरी, तुमच्यासाठी कामाचं. तिकडे अमेरिकन कॉलेजात मध्यरेषा ओलांडायला 10 सेकंद असतात, आपल्याकडे 8, आणि शॉटला 30 ऐवजी 24. म्हणजे प्रेस आपल्याला जास्त महागात पडते. बेसलाइनवरून चेंडू टाकणाऱ्याने बोर्डाच्या मागे उभं राहू नये, पासचा कोन मरतो. गार्डने कोपऱ्यात पास घेऊ नये, तिथे साइडलाइन आणि बेसलाइन हे दोन फुकटचे डिफेंडर असतात. सेंटरला आधीच पुढे पळवू नका. तो मध्यरेषेच्या अलीकडे मधोमध यावा, चेंडू डोक्यावर धरावा (खाली आणला की बुटके झडप घालतातच) आणि ड्रिबल न करता विरुद्ध बाजूला द्यावा.

पोस्टमध्ये (रिंगजवळच्या जागेत) सेंटरला पुढून अडवलं तर विंगवरून, म्हणजे बाजूने, पास रेटू नका. चेंडू फ्री-थ्रो रेषेवर द्या. कोन बदलला की पुढचा डिफेंडर सेंटरच्या पाठीवर अडकतो आणि रिंगखाली जागा उघडते. मागून मदतीला येणारा थांबवायचा तर पलीकडच्या कोपऱ्यात तुमचा खात्रीचा नेमबाजच हवा. तिथे कच्चा मुलगा उभा केलात, तर त्याला सोडून दुसरा डिफेंडर सेंटरवर येणारच.