मदत हवी आहे: पोरीच्या सशाचा जुळा शिवायचा आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. माझ्या चार वर्षांच्या पोरीचा कापडी ससा पार विरला आहे. एक कान दोनदा शिवून झाला, मानेतला कापूस खाली उतरून मुंडी लटकते. त्याच्याशिवाय ती झोपत नाही, धुवायलाही चोरून न्यावा लागतो. म्हणून तसाच दुसरा शिवायला घेतला.

ससा उसवून माप घेणं सोपं, पण तिनं पाहिलं तर घर डोक्यावर घेईल! मग त्याला पातळ प्लास्टिक गुंडाळलं, वरून चिकटपट्टी लावली, शिवणींवर पेनानं रेघा मारल्या. ते कापून कागदावर उतरवलं आणि कडेनं अर्धा सेंटीमीटर शिलाईला सोडलं. अंग, पाय जमले. डोकं काही जमेना. जुन्या चादरीचं करून पाहिलं तर ससा कमी, वांगं जास्त! गाल फुगीर यायला टक्स (कापडाला फुगवटा देणाऱ्या शिवलेल्या चिमट्या) नेमके कुठे घ्यायचे? की कपाळाला मधून वेगळी पट्टी जोडायची?

दुसरं, भरायला घरचाच कापूस आहे, सरकी काढून पिंजून घेईन. पण धुतल्यावर गोळे होतात. त्यापेक्षा जुन्या उशीतला फायबर बरा का? मशीन साधी, पायाची आहे. डोळे दोऱ्यानंच भरणार, धाकटं बाळ बटणं तोंडात घालतं.