प्रतिसाद: पूर्णांकांऐवजी वर्गमुळांनी सरकवल्यास

फ या फलाचे लबेग संकलन (आलेखाखालील क्षेत्रफळाचे व्यापक रूप) सांत असेल, तर सर्व पूर्णांक न साठी फ(क्ष + न) या पदांची श्रेणी जवळजवळ सर्वत्र (म्हणजे शून्य मापाचा, एकूण लांबी शून्य असलेला संच वगळता) अभिसारी असते, म्हणजे तिची बेरीज सांत येते, हे आधीच्या चर्चेत सिद्ध झालेच आहे. फल न ऐवजी √न एवढे सरकवले तरी तसेच होईल का, ही शंका मात्र उरली आहे. उत्तर नकारार्थी आहे.

मूळ विधान मी एकदा ठाणे-वाशी लोकलमध्ये एका विद्यार्थ्याला किराण्याच्या लांबलचक बिलावरून समजावले होते: पट्टीचे समान तुकडे फाडून एकावर एक रचले, तरी एकूण कागद तेवढाच राहतो. ऋण किंमत न घेणाऱ्या फलासाठी टोनेलीचे प्रमेय (अशा फलांची बेरीज आणि संकलन कोणत्याही क्रमाने केले तरी उत्तर तेच येते) हेच सांगते. ० ते १ या अंतरावर बेरजेचे संकलन मूळ संकलनाएवढेच येते, म्हणून बेरीज अनंत होणारे बिंदू शून्य मापाच्या संचातच मावतात. (तो संच रिकामाच असेल असे नाही: फक्त पूर्णांकांवर १ आणि अन्यत्र ० असे फल पाहावे.)

आता प्रत्येक धन पूर्णांक क साठी, क पासून क + १ च्या अलीकडेपर्यंत १/क² ही किंमत असलेले आणि अन्यत्र शून्य असलेले फल घ्या. त्याचे संकलन सांत आहे. परंतु क्ष कोणताही असो, मोठ्या क साठी त्या एकक अंतरात क्ष + √न या रूपाचे सुमारे २क बिंदू पडतात, त्यामुळे बेरजेत प्रत्येक वेळी सुमारे २/क एवढी भर पडते आणि श्रेणी एकूण एक बिंदूवर अपसारी होते, म्हणजे तिची बेरीज अनंत होते. कागदाच्या भाषेत, तोच तुकडा पुन्हा पुन्हा मोजला जातो. कोणत्याही एकक अंतरात सरकवण्याच्या संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पडत नसतील, तर वरचीच सिद्धता चालते. त्यामुळे न² एवढे सरकवल्यास काहीच बिघडत नाही.