पातळी घटत नसेल तर गळती आतली आहे

विमानाची चाकं वर घेतल्यावर ती उचलणारा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाचा) पंप दर दोन-तीन मिनिटांनी आपोआप सुरू होतो, पण टाकीतल्या तेलाची पातळी तशीच आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग पंप बदलायची घाई कृपया करू नका. तेल बाहेर जात नाहीये, म्हणजे ते दाबाच्या बाजूकडून परतीच्या बाजूला झिरपतंय आणि घटलेला दाब भरून काढायला पंप पुन्हा चालतोय. (उन्हातून थंड हवेत चढताना तेल आकसतं, तेव्हा पंप एखाद-दोनदा चालला तर चालेल.)

विमान जॅकवर घ्या, चाकं वर करा, पंपाचा ब्रेकर ओढा (म्हणजे त्याची वीज तोडा) आणि दाबाचं गेज बघत बसा. काटा उतरत असेल तर 'खाली' बाजूचा (चाकं खाली ढकलणाऱ्या बाजूचा) दाब शून्य असल्याची खात्री करून प्रत्येक सिलिंडरची त्या बाजूची नळी एकेक करून सोडा. जिथून लाल तेल थेंब-थेंब येत राहील, त्या पिस्टनची ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) गेली. चाकाचा पाय अचानक खाली येऊ शकतो, त्याच्या वाटेत हात नको! सगळे कोरडे असतील तर माझा पहिला संशय आपत्कालीन डंप व्हॉल्व्हवर, म्हणजे अडचणीत दाब सोडून चाकं खाली पडू देणाऱ्या झडपेवर. झडप जिथे टेकते त्या सीटवरचा बारीकसा कणही गळतीला पुरतो.

आणि ५६०६ तेलाच्या (विमानातलं लाल, खनिज हायड्रॉलिक तेल) सिस्टीममध्ये कुणी गाडीचं ब्रेक ऑइल तर ओतलं नाही ना? त्याने नायट्राइल रबराचे सील फुगून मऊ पडतात.