मध्यम बजेटमधली स्पिअरगन: कोणती घेऊ? (ऑकलंड)

किनारी_पाहुणा
नमस्कार मंडळी. ऑकलंडला येऊन दोन वर्षं झाली, मूळ आचऱ्याचा. लहानपणी खाडीत डुबक्या मारून तिसऱ्या काढल्या, त्यापलीकडे पाण्याखालचा अनुभव शून्य. ऑफिसातला एक किवी मित्र गेले तीन महिने दर शनिवारी सोबत नेतोय. त्याची स्पिअरगन (पाण्याखाली भाला सोडणारी बंदूक) चारदा मागून वापरली, आता मागायची लाज वाटते.

बजेट ३५० न्यूझीलंड डॉलर, फक्त गनचं. श्वास धरून पाच-सहा मीटर खाली जातो, चाळीस सेकंदांच्या वर टिकत नाही. जागा म्हणजे व्हांगापराओआचे खडक, कधीतरी ली गावाच्या बाजूला. पाणी चांगलं असेल त्या दिवशी पाच मीटर दिसतं, नाहीतर सोलकढी. मारायचेत स्नॅपर आणि कहावाई. किंगफिश मिळाला तर सोन्याहून पिवळं.

रबर ताणून भाला सोडणारी की दाबलेल्या हवेवाली? लांबी ७५ सेंमी की ९०? मुख्य म्हणजे टिकली पाहिजे.

डर्बनकर
रॉब ॲलन. विषय संपला.
कंपनी आमच्या डर्बनची आहे म्हणून सांगत नाही (बरं, थोडं म्हणूनच सांगतो). ॲल्युमिनियमची बंद नळी आणि तिच्या पाठीवर रेल. भाला त्या रेलवर पूर्ण लांबीभर टेकून असतो, त्यामुळे दोन-दोन रबरं ताणली तरी मधे वाकत नाही. माझी १२० ची. बारा वर्षं झाली, रबरं आणि भाले सोडले तर काही बदललेलं नाही. १२० च घे, ७५ म्हणजे पोरांचं खेळणं.

किनारी_पाहुणा
दादा, पाणी पाच मीटर दिसतं. तेही चांगल्या दिवशी.

डर्बनकर
मग चांगल्या पाण्यात जा की.

आबा_देवबागकर
गाववाल्या, आचऱ्याचो आणि बंदूक इचारतस? माशाच्या मागसून पाण्यात धावाक मासो काय तुझो देणेकरी? गरी टाक आणि बस खडपार, येतलो तो. माझी बांबूची काठी आसा, तिका ना रबर ना हवा.

सॅनदिएगो_सदाशिव
मी सागवानी गन वापरतो. हो, सागवान. आपल्या देव्हाऱ्याला असतं तसं पॉलिश, पाण्याखाली अजिबात आवाज नाही, आणि लाकडाचं वजन असल्यामुळे सोडताना हाताला धक्का कमी बसतो. केल्पच्या (उंच समुद्रशेवाळाच्या) जंगलात व्हाइट सीबास मारायचा तर हाच प्रकार. किंमत तुझ्या बजेटच्या अडीच-तीन पट जाईल, पण एकदाच घ्यायची वस्तू आहे. ३५० मध्ये काय येतं?

सिडनीचा_बाळू
हवेवाली घे रे. आखूड असते, गाडीच्या डिकीत आडवी मावते, लांबीच्या मानाने जोर भरपूर. माझ्याकडे तीच आहे.
आणि आधी लायसन्स काढ! इथे न्यू साउथ वेल्समध्ये फिशिंग फी भरल्याशिवाय समुद्रात गरीसुद्धा टाकता येत नाही. ब्लू ग्रोपरवर गन रोखायची नाही, तो संरक्षित आहे. कुत्र्यासारखा मागे मागे येतो, मारायचा हातच होत नाही म्हणा.

वेलिंग्टनवाली
बाळू, तो ऑकलंडला आहे. न्यूझीलंडमध्ये समुद्रात हौशी मासेमारीला लायसन्स लागत नाही. आकार आणि संख्येचे नियम मात्र कडक आहेत. त्याच्या भागात स्नॅपर किमान ३० सेंमी, दिवसाला माणशी ७. किंगफिश ७५ सेंमी आणि ३. इथल्या सरकारचं फिशिंग रूल्स ॲप मोबाइलवर आहे, तेच बघावं.
गनबद्दल रात्री सविस्तर लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

शाकाहारी_सुखी
गन कुठली घ्यावी हे विचारण्याआधी घ्यावी का हे विचारायला हवं, असं नाही वाटत? तो जीव स्वतःच्या घरात पोहत असतो.

आबा_देवबागकर
झाला. इलो हो.

जुना_खलाशी
ब्रँडचं सगळेच सांगतायत, मी काय घेऊ नये ते सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी ऑनलाइन एक स्वस्तातली मागवली होती, कंपनीचं नाव घेत नाही. दिसायला झकास, वर चांदीची अक्षरं. ट्रिगरचा आतला खटका प्लास्टिकचा निघाला. तो दाताने भाला धरून ठेवतो, ताणलेल्या रबरांचा सगळा भार त्याच दातावर. चौथ्या-पाचव्या वेळी मी बोटीवर बसल्या-बसल्या ती लोड केली (हा माझा गाढवपणा), सेफ्टी लावली, खाली ठेवायला वाकलो आणि फाट्! भाला बर्फाच्या पेटीतून आरपार. पेटीच्या पलीकडे अर्ध्या हातावर माझ्या मेव्हण्याची पोटरी होती. त्या दिवसापासून तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो.
तर दोन गोष्टी. खटका स्टेनलेस स्टीलचाच हवा. आणि पाण्याबाहेर गन लोड करायची नाही म्हणजे नाही, सेफ्टी लावलेली असली तरी. बोटीवर चढण्याआधी पाण्यातच रिकामी करायची.

सिडनीचा_बाळू
पेटीत काय होतं?

जुना_खलाशी
सहा बिअर. दोन गेल्या.

डर्बनकर
म्हणूनच म्हणतो, रॉब ॲलन.

सॅनदिएगो_सदाशिव
लाकडी गनमध्येही खटका स्टीलचाच असतो. जाता जाता सांगितलं.

वेलिंग्टनवाली
हं, आता सविस्तर.

पाहुण्या, आधी पाणी बघ, मग गन. भाला जिथवर पोचतो तिथवर तुला दिसतच नसेल तर लांब गनचा उपयोग काय? १२० सेंमीची नळी समुद्रशेवाळात आडवी फिरवून बघ, सगळ्या रानाला कळतं कोण आलंय ते. स्नॅपर महा संशयी, गन फिरवायला लागलास की गेलाच. तुझ्या पाण्याला ७५ ते ९०. एकच घ्यायची तर ८० किंवा ९०, म्हणजे उन्हाळ्यात पाणी निवळलं की कहावाईलाही पुरेल.

नवशिक्याला रबरवालीच. कारण साधं आहे, बिघडलं तर दिसतं. रबर उन्हाने चिरतं, बोटाने ताणून पाहिलं की चिरा कळतात, नवं घातलं की झालं. हवेवालीत आत सील, तेल आणि दाब असतो. तोंडाशी वाळू गेली की सील जातं, आणि ते घरी बसून दुरुस्त होत नाही. रोलर गन म्हणून एक प्रकार दुकानदार दाखवेल, रबरं नळीच्या खालून वळसा घालून येतात. जोर छान, पण लोड करायला वेळ जातो. दोन वर्षांनी बघ.

बजेटमध्ये: रॉब ॲलनची साधी श्रेणी किंवा क्रेस्सी कोमांचे. सेलमध्ये ३५० च्या आसपास बसावी. एकच १६ मिमीचं रबर पुरे. पहिल्यांदा मी ते लोड करायला गेले तेव्हाची गोष्ट सांगते. दस्ता छातीला लावायचा आणि दोन्ही हातांनी रबर ओढून भाल्याच्या खाचेत अडकवायचं, ऐकायला सोपं. जमिनीवर पाय रोवता येतात, पाण्यात रोवायला काहीच नसतं. मी ओढलं की माझेच पाय वर तरंगायचे, दस्ता घसरून काखेत. तासाभरात छातीवर रुपयाएवढे तीन काळे-निळे डाग. तेव्हा छातीला पॅड असलेला वेटसूट घे. दुकानात हातमोजा घालून मूठ पकडून बघ, बोट ट्रिगरवर सहज पोचतंय ना.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. पाण्याखाली मास्कमधून सगळं साधारण तीस टक्क्यांनी मोठं दिसतं. तुला ३० सेंमीचा वाटलेला स्नॅपर बाहेर काढल्यावर २३ चा निघतो. गरीला लागलेला लहान मासा सोडता येतो, भाल्याने मारलेला नाही. डोळा बसेपर्यंत मोठा, नक्की मोठा असेल त्यालाच मार.

शाकाहारी_सुखी
हा मुद्दा मात्र पटला.

आबा_देवबागकर
बायल शाणी आसा.

सिडनीचा_बाळू
हवेवालीचं सील माझं सहा वर्षांत एकदाही गेलं नाही. उगाच घाबरवू नका.

वेलिंग्टनवाली
तुमचं गेलं नाही म्हणजे कोणाचंच जात नाही असं नाही ना, बाळूदादा.

डर्बनकर
किंगफिश मारायचा असेल तर ९० पुरणार नाही, लिहून ठेवा. सुरमई काय ताकदीची असते माहितीये का? भाला घेऊन पळते.

जुना_खलाशी
न्यूझीलंडचा किंगफिश म्हणजे सुरमई नव्हे हो. तो यलोटेल, वेगळ्याच कुळातला. आपल्याकडे हॉटेलवाले सुरमईला किंगफिश लिहितात म्हणून हा घोळ. आणि त्यांचा स्नॅपर म्हणजेही आपली तांबोशी नव्हे, तो सी ब्रीमच्या घराण्यातला.

डर्बनकर
आमच्याकडे सुरमईला कुटा म्हणतात. मला माशांची नावं शिकवू नका.

आबा_देवबागकर
चेडवाकडे थंय इल्लंय तेव्हा जावयान किंगफिश म्हणान हाडल्यान. ती सुरमय न्हय. खाल्लंय, पण सुरमय न्हय.

किनारी_पाहुणा
मंडळी, गन.

खाडीकाठची_पोर
वाचनखूण साठवली. मीही ऑकलंड. ताई, फ्लोट (पाण्यावर तरंगणारा बोया) पण लागतो का? आधीच गन, वेटसूट इतका खर्च, त्यात तो कशासाठी?

वेलिंग्टनवाली
लागतोच. फ्लोटवर निळा-पांढरा डाइव्हचा झेंडा लावायचा. बोटवाल्याला तुझं डोकं दिसत नाही, झेंडा दिसतो. डाइव्हचा झेंडा लावलेल्या बोटीच्या २०० मीटरच्या आत ५ नॉटच्या वर जायचं नाही असा इथला नियम आहे. दुसरं कारण, मारलेला मासा कमरेला बांधून पोहायचं नाही, फ्लोटला लावायचा. उत्तरेकडे ब्रॉन्झ व्हेलर शार्क असतात, रक्ताचा वास लगेच लागतो त्यांना. तो फ्लोटकडे गेलेला बरा, तुझ्याकडे नको.
आणि एकट्याने जायचं नाही. एक खाली, एक वर बघत. बेशुद्धी बहुतेक वेळा वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये येते, खोलात नाही. खाली जाण्याआधी भराभर श्वास घेतले की ती शक्यता वाढते, कारण श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीवच उशिरा होते. हे गनपेक्षा महत्त्वाचं आहे.
लीकडे जाशील तर गोट आयलंडची हद्द नकाशावर बघून घे. १९७५ चं सागरी राखीव क्षेत्र आहे, देशातलं पहिलं. तिथे शिंपलाही उचलायचा नाही.

सॅनदिएगो_सदाशिव
सगळं बरोबर. तरी एकदा सागवानी गन हातात धरून बघ, एवढंच म्हणेन.

नेहमीचा_वाचक
मी पोहत नाही, पण ९० ची रबरवाली घ्या असं वाचून वाटतंय. +१.

जुना_खलाशी
जुनी घेतलीस तर भाला काचेच्या टेबलावर लोळवून बघ. वाकलेला असेल तर लंगडत लोळतो.

*(नऊ दिवसांनी)*

किनारी_पाहुणा
सगळ्यांचे आभार. घेतली.
मित्राच्या शेजाऱ्यांची वापरलेली, हवेवाली, ७० च्या आसपास. १४० डॉलरला.
ताई, रागावू नका. कारणं सांगतो. एक, फ्लॅटमध्ये कपाटाशिवाय जागा नाही आणि कपाटात हीच मावते. दोन, उरलेल्या २१० मध्ये फ्लोट, झेंडा आणि छातीला पॅडवाला वेटसूट (तोही वापरलेला) बसला. तीन, शेजारी सत्तरीचे आहेत, दर वर्षी सील स्वतः बदलायचे. मला समोर बसवून सगळी उघडून, तेल घालून, परत जोडून दाखवली. सुट्या सिलांची डबीसुद्धा दिली. आणि हो, भाला टेबलावर लोळवला. सरळ आहे.

सिडनीचा_बाळू
हा हा हा! धन्यवाद, मंडळी, धन्यवाद.

वेलिंग्टनवाली
रागावले नाही. सील बदलायला शिकलास ना, मग माझा अर्धा आक्षेप गेला. उरलेला अर्धा हिवाळ्यात बोलू.

डर्बनकर
१४० डॉलर पाण्यात.

जुना_खलाशी
पाण्यातच वापरायची आहे ती.

किनारी_पाहुणा
काल पहिल्यांदा नेली. भाला नळीत दाबून खटका बसेपर्यंत ढकलायला लागतो, दोनदा हातातून सटकला. दीड तास काही नाही. मग खडकाच्या खोबणीत एक काळपट मासा शेवाळ खात शांत उभा. ताईंचं ऐकून ‘नक्की मोठा’ होईपर्यंत वाट पाहिली आणि मारला. ४१ सेंमी. वर आल्यावर मित्र पोट धरून हसला. पारोरे म्हणे, शेवाळ खातो, वास येतो, इथे बहुतेक जण सोडून देतात.
मी घरी आणलाय. बोटीवरच पोट साफ करून बर्फात ठेवला होता. आता काय करू?

आबा_देवबागकर
तिरफळा घाल. भरपूर. वास खंय जाता बघ.

खाडीकाठची_पोर
आगळ लावून अर्धा तास ठेवा, मग तळा.

सिडनीचा_बाळू
चिंच. आगळ नको, चिंच.

डर्बनकर
पेरी-पेरी लावून कोळशावर. चिंच काय?

सॅनदिएगो_सदाशिव
चिंच बरोबर आहे. प्रमाण सांगतो, फक्त माशाचं वजन किती ते कळव.

आबा_देवबागकर
तिरफळा खंय मिळतत थंय? नसतील तर पत्तो धाड, चेडू पुढच्या म्हयन्यात जाताहा.