टपावर सोलर टाकून इलेक्ट्रिक मोटरहोम, नाशिकातून खरंच जमेल का?

पाथर्डीफाटा_वाला
नमस्कार मंडळी. पप्पा पुढच्या मार्चमध्ये अंबडच्या कंपनीतून रिटायर होतायत आणि आईच्या डोक्यात नर्मदा परिक्रमा आहे, गाडीने. मी तो नेदरलँडमधल्या आइंडहोवनच्या पोरांच्या स्टेला व्हिटा गाडीचा व्हिडिओ बघितला, २०२१ साली सोलरवर चालणारं घर घेऊन ती स्पेनच्या पार टोकाला गेली, आणि तेव्हापासून झोप उडालीय. प्लॅन असा की जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घ्यायची, डिझेल इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवायची, टपावर पॅनल लावायचे, मग पेट्रोल पंपाचं तोंडच बघायचं नाही. आपल्याकडे ऊन काय कमी आहे का? एसी पण पाहिजे, आईला उकाडा सोसत नाही. बजेट आहे पण पप्पांची पुंजी आहे म्हणून आधी विचारतोय. खरं सांगा.

गणितवाला_सिडको
भाऊ, उत्साह चांगला आहे पण टेप घेऊन आधी टप मोज. साडेपाचशे वॅटचं पॅनल साधारण २.२८ बाय १.१३ मीटर येतं. ट्रॅव्हलर रुंदीला दोनएक मीटर, म्हणजे आडवं टाकलं तर दोन्हीकडून बाहेर डोकावणार, उभं टाकलं तर एकच रांग बसणार. छोटी पॅनलं कोपऱ्यात कोंबून फार तर दीड किलोवॅट. आपल्याकडे एक किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट धरतात, म्हणजे झाले सहा.

आता पलंग, पाण्याची टाकी, बॅटरी, माणसं धरून गाडी साडेतीन-चार टन. एका युनिटला तीन किलोमीटर दिले तरी खूप झालं. सहा त्रिक अठरा. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून निघालास तर अंजनेरीच्या आसपास बसशील, त्र्यंबक दुसऱ्या दिवशी 😄 आणि हे सगळं एसी बंद ठेवून, वन टनचा एसी रात्रभर लावला तर सहातले पाच तोच खाईल.

कसाऱ्याकडून घाट चढून ये, तीनशेएक मीटरची चढण आहे, चार टन गाडी नुसती वर उचलायलाच सव्वातीन युनिट लागतात. उतरताना मोटर उलट वीज बनवते म्हणून थोडे परत मिळतात, पण उतरलेला माणूस घरी यायला परत चढतोच ना.

ती डच गाडी चालली कारण ती मुळात वेगळी चीज आहे. वजन फक्त १७०० किलो, थेंबासारखा आकार, आणि थांबल्यावर छत पसरून १७.५ चौरस मीटर पॅनल उघडतात. तरी ६० युनिटची बॅटरी आहेच. ते ट्रॅव्हलरच्या पत्र्यात होत नाही.

सातपूरकर_भटका
वरचं गणित बरोबर आहे, मी तीन वर्षं हेच भोगतोय. माझी गाडी डिझेलच आहे, टपावर दोन पॅनल, खाली पाच युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. यावर फ्रीज, कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे, लाइट, पाण्याचा पंप, मोबाइल, सकाळचा चहा आणि रात्रीची खिचडी इंडक्शनवर, सगळं आरामात चालतं. घर चालतं, चाकं नाही.

भंडारदऱ्याचा किस्सा सांगतो. एप्रिल महिना, दुपारी जांभळाखाली गाडी लावली, मस्त सावली, बायको खूष. अॅपमध्ये बघतो तर नव्वद वॅट. पॅनलमधल्या पेशी माळेसारख्या जोडलेल्या असतात, एका फांदीची सावली पडली की मोठा भागच झोपतो. गाडी उन्हात काढली तर वॅट आले पण आतला पत्रा तवा झाला. म्हणजे सावली तुला पाहिजे का पॅनलला हे रोज ठरवायचं, आणि भांडण ठरलेलं. शेवटी पॅनल टपापासून चार बोटं वर उचलून घेतले, खालून वारा खेळतो, पॅनलच पत्र्यावर सावली धरतात. पॅनल तापलं की वीजही कमी देतं, पंचवीस डिग्रीच्या वर दर डिग्रीला पाव-अर्धा टक्का जातो, आणि एप्रिलमध्ये टपावर पासष्ट डिग्री सहज.

अजून दोन गोष्टी. नट नायलॉकचेच वापर, आत नायलॉनची रिंग असते ते, साधे घोटीच्या खड्ड्यांत ढिले झाले आणि मी आवाज स्प्रिंगच्या पाट्याचा समजून दोन मेकॅनिक फिरलो. आणि टपाला भोक पाडलंस तर सीलंटमध्ये कंजुषी नको. आमच्या फॅब्रिकेटरने केली, पहिल्याच पावसात इगतपुरीला रात्री दोन वाजता गादीवर धार.

आरटीओ_पुराण
कागद कोणीच बोललं नाही. डिझेलचं इलेक्ट्रिक करायचं तर मान्यता असलेलं किट लागतं, परवानगी लागते, आरसीवर इंधन बदलाची नोंद लागते. जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत फेरफार चालत नाही. गल्लीतल्या वेल्डरने मोटर बसवून दिली आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच बघणार. कॅम्परसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, बॉडी बनवणाऱ्याला त्याचं सर्टिफिकेट माग, नुसतं 'होऊन जाईल साहेब' ऐकू नको.

पाथर्डीफाटा_वाला
बाप रे. रोज अठरा किमी म्हणजे तीन हजार किमीच्या परिक्रमेला साडेपाच महिने 😅

गणितवाला_सिडको
पायी परिक्रमेला परंपरेने तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस आहेत, त्यामानाने तू लवकर पोचशील. पण पायी जाणारे पण दिवसाला वीसेक किलोमीटर काढतात, ते गाडीच्या खिडकीशी गप्पा मारत बरोबर येतील. आणि चातुर्मासात ते थांबतात, पावसात तुझे पॅनल पण थांबतील, तेवढं जुळतंय.

चेष्टा सोड. इलेक्ट्रिकचीच हौस असेल तर पॅनल घराच्या गच्चीवर लाव, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते, तिथे कोन नीट देता येतो, वजन वाहायचं नाही, आणि नेट मीटरिंगमुळे, म्हणजे उरलेली वीज ग्रिडला जाऊन बिलात वळती होते म्हणून, गाडी घरी नसली तरी वीज वाया जात नाही. त्यावर साधी इलेक्ट्रिक कार चार्ज कर, रात्री धर्मशाळेत राहा. फक्त पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीनच युनिट भरतात हे धरून चाल, साठ युनिटची बॅटरी असेल तर वीस तास.

पाथर्डीफाटा_वाला
आत्ता पप्पांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले डिझेलचीच घे, मला गिअर टाकायला आवडतो. आईचा प्रश्न एकच, एसी नाही तर काय? सातपूरकर दादा, तुमची गाडी बघायला मिळेल का?

सातपूरकर_भटका
ये की रविवारी. आईला सांग, परिक्रमा दिवाळीनंतर सुरू करतात, तेव्हा रात्री पंखासुद्धा नको होतो, गोधडी लागते. येताना टेप आण आणि शिडी पण आण, माझी शेजाऱ्याने नेलीय ती गणपतीपासून परत आली नाही.