अटलांटा: नॅसॉ स्ट्रीटवरची ती इमारत पाडायला नको होती

सांजवेळ:
घरी पाहुणे आले की मी त्यांना फॉक्स थिएटरला नेते आणि आत गेल्यावर आधी वर बघायला सांगते. निळं आभाळ, त्यात लुकलुकणाऱ्या चांदण्या, कडेनं किल्ल्याचे तट. 1929 चं थिएटर, साडेचार हजारांवर खुर्च्या. 1975 च्या सुमारास टेलिफोन कंपनीला तिथे मुख्यालय बांधायचं होतं. लोकांनी वर्गणी काढली, संस्था स्थापली, कर्ज काढून थिएटर सोडवलं आणि 1978 पर्यंत ते कर्ज फेडलंसुद्धा. कंपनीचा टॉवर शेजारीच उभा राहिला. थिएटरही राहिलं, टॉवरही झाला.

म्हणूनच 152 नॅसॉ स्ट्रीट अजून सलतं. दिसायला साधी विटांची इमारत, कुणी मान वळवून बघू नये अशी. जून 1923 मध्ये ओके रेकॉर्ड्स या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या लोकांनी यंत्रं आणून तिथे तात्पुरता स्टुडिओ थाटला. फिडल वाजवून गाणारा फिडलिन जॉन कार्सन तिथे गायला आणि ती तबकडी अशी खपली की खेड्यापाड्यातल्या गाण्यांना गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांना कळलं. आजच्या कंट्री संगीताचा धंदा तिथून वाढला. ल्युसिल बोगन आणि फॅनी मे गूस्बी या कृष्णवर्णीय ब्लूज गायिकाही त्याच मुक्कामात गायल्या. 2019 मध्ये हॉटेलच्या टॉवरसाठी ती इमारत पाडली. मला हे अक्षम्य वाटतं.

खडकवासला:
असहमत. कार्सनचा आवाज तबकडीत आहे, विटांत नाही. तबकडी आजही ऐकता येते. 2020 च्या जनगणनेत शहर पाच लाखांच्या घरात आणि आजूबाजूचा परिसर धरून साठ लाखांवर गेलं. एवढी माणसं येणार, तर बांधकाम होणारच. आणि आपण बहुतेकजण जॉन्स क्रीक नाहीतर अल्फारेटासारख्या उपनगरांत, परवा-परवा बांधलेल्या घरांत राहतो. डाउनटाउनच्या प्लॉटवर काय व्हावं हे आपण कसं सांगायचं?

सांजवेळ:
तिथे घरं आली असती तर मी दहादा विचार केला असता. आलं हॉटेल.

मुळशीकर:
@खडकवासला, तुमच्या तबकडीच्या मुद्द्यावर. मार्टिन ल्यूथर किंग 1959 मध्ये भारतात आले, तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले. गांधीजींचं लिखाण त्यांनी आधीच वाचलेलं होतं. विचार पुस्तकात मिळत होते, तरी गावदेवीच्या त्या घरात रात्र काढावीशी वाटली ना? त्यांचं स्वतःचं जन्मघर, 501 ऑबर्न अव्हेन्यू, आज लोक लांबून बघायला येतात. एरवी ते एक लाकडी दुमजली घर. त्याच रस्त्यावरून पुढे हायवे काढून कृष्णवर्णीयांची भरलेली पेठ मधोमध कापली. 1905 चं टर्मिनल स्टेशन तर चांगलं भव्य होतं, तेही 1972 मध्ये पाडलं. या शहराला पाडायची सवयच आहे.

चाफा:
मी त्याच भागात, ओल्ड फोर्थ वॉर्डमध्ये, तीन वर्षं भाड्यानं राहिले. म्हणून दुसरी बाजू सांगते.

पॉन्स सिटी मार्केट सगळ्यांना आवडतं. 1926 ची, सीअर्स या दुकानदार कंपनीची अवाढव्य इमारत, 2014 मध्ये दुकानं, ऑफिसं, फ्लॅट करून पुन्हा उघडली. जतनाचं उदाहरण म्हणून तिचंच नाव घेतात. जुन्या रेल्वेमार्गावर काढलेली बेल्टलाइनची पायवाट तिला लागूनच. पण इमारत सजली आणि आसपासची भाडी चढत गेली. माझ्या समोरच्या पोर्चवर एक आजी बसायच्या. संध्याकाळी पातेलंभर शेंगा उकडून ठेवायच्या, आपल्याकडे उकडतात तशाच मीठ घालून, आणि मला हाक मारायच्या. प्रॉपर्टी टॅक्सचा कागद त्यांनी मला दोनदा वाचायला दिला होता. शेवटी घर विकून मुलाकडे गेल्या. पुढच्या वर्षी मीही निघाले. इमारत वाचली, वस्ती उठली. वारसा कशाला म्हणायचं, हे मला अजून पटेल असं कुणी सांगितलेलं नाही.

खडकवासला:
माझं तरी काय म्हणणं होतं? जुनं राखणं हे पैसेवाल्यांना परवडतं.

मुळशीकर:
नाही, चाफा तसं म्हणत नाहीयेत. हायवेनं वस्ती उठवली तेव्हा कुठे जतन होतं? पाडूनही माणसं जातात, राखूनही जातात. मग इमारतीबरोबर जुन्या घरमालकांचा टॅक्स गोठवा, काही घरं कमी भाड्याची ठेवा, हे मागायला हवं.

सांजवेळ:
चाफा, हे मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं. नॅसॉ स्ट्रीटबद्दलचं मत मात्र बदलत नाही. तिथून कुणाला उठवायचं नव्हतं, फक्त एक छोटी इमारत सांभाळून टॉवर बांधायचा होता, आणि फॉक्सपाशी ते जमलं होतं. त्या आजींचं घर आहे का अजून?

चाफा:
आहे. मागच्या महिन्यात मुद्दाम गेले होते. रंग तोच ठेवलाय, कठडाही जुनाच. दाराच्या मुठीला आकड्यांचं कुलूप असलेली किल्लीची डबी लटकते आहे. दर शुक्रवारी नवे पाहुणे उतरतात.